दे मॉइनमध्ये घर घेताना तळघर आधी बघा

अमेरिकेतल्या आयोवा राज्यातल्या दे मॉइनमधल्या स्वस्त घरांचं आणि वीस मिनिटांत ऑफिस गाठण्याचं कौतुक नेहमी होतं. दोन्ही खरं. पण घर घेताना किचनच्या ग्रॅनाइटपेक्षा तळघर नीट बघा.

रेडॉन हा जमिनीतून तळघरात शिरणारा किरणोत्सारी वायू, त्याने फुफ्फुसाचा कर्करोग होऊ शकतो. अख्खं आयोवा त्याच्या सर्वाधिक धोक्याच्या झोन १ मध्ये येतं. या वायूला ना रंग, ना वास. इन्स्पेक्शनच्या वेळीच किमान ४८ तासांची चाचणी करून घ्या. बारा तास आधीपासून दारं-खिडक्या बंद हवीत, नाहीतर आकडा खोटा कमी येतो. रेडॉनचं प्रमाण ४ पिकोक्युरी (किरणोत्साराचं एकक) प्रति लिटर किंवा जास्त आलं तर फरशीखालची हवा ओढून छपरावर सोडणारा पाइप आणि पंखा बसवावा लागतो. त्या खर्चाची घासाघीस विकणाऱ्याशी व्यवहार पूर्ण होण्यापूर्वीच करा.

दुसरा मुद्दा संप पंप, म्हणजे तळघरात साचणारं पाणी बाहेर फेकणारा पंप. वादळात पाऊस कोसळतो तेव्हाच नेमकी वीज जाते, पंप थांबतो आणि कार्पेट भिजतं. बॅटरी बॅकअप हवाच. साध्या होम इन्शुरन्समध्ये हे नुकसान सहसा धरत नाहीत; 'वॉटर बॅकअप' हे जादा विमा संरक्षण वेगळं जोडून घ्या.

आणि हो, एका गाडीत दोघांचं भागणं कठीण. बस आहे, पण उपनगरात तिच्या भरवशावर राहू नका.