मदत हवी आहे: ६ फुटी टाकी, आफ्रिकन सिक्लिड, पीएच टिकत नाही (नेरुळ)

नेरुळची टाकी
नमस्कार मंडळी. टाकी ६ x २ x २ फूट, काच १२ मिमी, फ्लॅट चौथ्या मजल्यावर. मलावी तलावाचे एम्बुना (खडकांत राहणारे सिक्लिड मासे) ठेवायचे आहेत. मासे अजून सोडलेले नाहीत. सायकलिंगला (फिल्टरमध्ये अमोनिया खाणारे जिवाणू वाढवण्याला) ३ आठवडे झाले, पण अमोनिया २ पीपीएमवर अडकलाय. नळाचं पाणी (मोरबे धरणाचं): पीएच ७.२, केएच (आम्ल झेलण्याची ताकद) २, जीएच (एकूण कठीणपणा) ३. दुकानातलं 'पीएच अप' घातलं की ८.२ होतो, दोन दिवसांत परत ६.४. कॅनिस्टर (टाकीबाहेरचा डब्यासारखा फिल्टर) एकच, ताशी १५०० लिटरचा. तळाला दीड इंच सिलिका रेती आहे, तिच्यावर ८० किलो दगड रचणार आहे. काय चुकतंय?

खारं पाणी
पीएचच्या मागे धावू नका, केएच धरा. धरणाचं पाणी पावसाचं, म्हणून मऊ. अमोनिया खाणारे जिवाणू आम्ल तयार करतात, ते आम्ल केएच खातं. तुमच्याकडे केएच मुळातच २, तो संपला की पीएच कोसळणारच. साडेसहाच्या खाली जिवाणूही ढेपाळतात, म्हणून अमोनिया अडकलाय. ती बाटली फेकून द्या.

दगड-रेती वजा जाता पाणी साधारण ६०० लिटर धरा. खायचा सोडा ९० ग्रॅम (केएच ५ ने वाढेल) आणि एप्सम सॉल्ट १०५ ग्रॅम (जीएच ४ ने वाढेल), दोन्ही बादलीत विरघळवून ओता. मासे नसल्यामुळे एका दमात चालेल. मासे असताना असं करू नका: पीएच ७ ला अमोनियाचा विषारी भाग १ टक्क्याहून कमी असतो, ८.२ ला २८ अंशांत तोच १० टक्क्यांवर जातो.

लोक चुकतात ते पुढे. आठवड्याला १५० लिटर पाणी बदलताना त्या १५० लिटरलाही सोडा २२ ग्रॅम, एप्सम २६ ग्रॅम आणि क्लोरीन घालवायला हायपो (सोडियम थायोसल्फेट) दीड ग्रॅम लागतो. हे विसरलात की दर बदलाला केएच पायरी पायरीने खाली. किचनचा काटा नको, ०.१ ग्रॅमचा घ्या. आणि कॅनिस्टर अपुरा आहे. एम्बुनाला ताशी ६ ते ८ पट फेरा हवा, म्हणजे ३६०० लिटरच्या पुढे. डब्यावर लिहिलेला आकडा मीडिया (फिल्टरमधला स्पंज, रिंग वगैरे) भरल्यावर मिळत नाही, तेही धरा.

काळा पाषाण
दगड रेतीवर ठेवू नका!! एम्बुना खड्डे खणतात. खालची रेती सरकली की ढीग काचेवर. रेती बाजूला सारा, तळाच्या काचेवर प्लास्टिकची जाळी अंथरा, मोठे दगड तिच्यावर टेकवा, मग भोवती रेती भरा. प्रत्येक थर हाताने हलवून बघायचा, डुगडुगला तर पुन्हा रचायचा. आपला सह्याद्रीचा काळा दगड उत्तम, पाण्यात काही सोडत नाही. चकाकणाऱ्या धातूच्या शिरा दिसल्या तर टाकून द्या.

स्लॅबवाला
कुणी वजनाचं बोललं नाही. पाणी, काच, रेती, दगड, स्टँड मिळून १ टन, तेही १२ चौरस फुटांवर. म्हणजे चौरस मीटरला ९०० किलो. राहत्या खोलीचा स्लॅब २०० किलोच्या हिशेबाने बांधतात. हॉलच्या मधोमध अजिबात नको. भिंतीलगत, खाली बीम असेल तिथे, स्टँडला तळाशी पूर्ण चौकट. आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला ड्रॉइंग दाखवा.

नेरुळची टाकी
धन्यवाद, सोडा आजच. ड्रॉइंग सोसायटीकडे मागतो. फिल्टरसाठी संप (खाली ठेवलेली दुसरी टाकी) केला तर? आणि माशांची यादी: यलो लॅब, डेमासोनी, ऑराटस, २ फ्रंटोसा.

खारं पाणी
संप उत्तमच. फक्त लाइट गेल्यावर वरचं पाणी पाइपातून खाली उतरतं, तेवढी जागा संपमध्ये रिकामी ठेवा. संपमधून पाणी वर नेणाऱ्या रिटर्न पाइपला वरच्या टाकीतल्या पाण्याच्या पातळीच्या जरा खाली ४ मिमीचं भोक पाडा. पातळी तिथवर आली की हवा शिरून सायफन तुटतो. भोक शेवाळाने बुजतं, दर आठवड्याला टूथपिक फिरवा.

यादीतून फ्रंटोसा काढा. तो टांगानिका तलावाचा, फूटभर वाढतो, छोटे मासे गिळतो. ऑराटसचा नरही बाकीच्यांना जगू देत नाही. असे ठेवा: यलो लॅब १०, रस्टी (आणखी एक एम्बुना) ८, डेमासोनी १५. डेमासोनी ४-५ च आणले तर दादा मासा एकेकाला संपवतो. गर्दीत मार विभागला जातो. एका नराला निदान ३ माद्या.

काळा पाषाण
खाणं स्पिरुलिनाचं (शेवाळाचं). ब्लडवर्म नको, पोट फुगतं. घास तोंडात घेऊन थुंकायला लागला आणि विष्ठा पांढऱ्या दोऱ्यासारखी दिसली की तो मासा लगेच वेगळा काढा.

नेरुळची टाकी
आणि मे महिन्यात? पाणी ३२ वर जातं.

खारं पाणी
पृष्ठभागावर पंखा लावा, झाकण उघडं. आपल्याकडे दमट हवेमुळे २ अंशच उतरतं. गरम पाण्यात प्राणवायू कमी, म्हणून त्या दिवसांत एअर पंप रात्रीही चालू आणि खाणं निम्मं. एअर पंप बॅटरीवर चालणारा घ्या. लाइट ३-४ तास गेली तर कॅनिस्टरमध्ये पाणी सडतं. लाइट आल्यावर तो तसाच सुरू न करता आतलं पाणी ओतून, मीडिया टाकीच्याच पाण्यात खळबळून मग जोडा.