नोकरी दहेजला: बिऱ्हाड भरूचला करावे, बडोद्याला की सुरतेला?

गोदाकाठ:
माझ्या यजमानांची नोकरी दहेज येथील एका रासायनिक कारखान्यात निश्चित झाली असून जूनपूर्वी आम्हाला नाशिकहून गुजरातेत बिऱ्हाड हलवायचे आहे. घरात आम्ही दोघे, यंदा आठवीची परीक्षा देणारी मुलगी, तिसरीतला मुलगा आणि सासूबाई आहेत. दोन्ही मुले महाराष्ट्र राज्य मंडळाच्या सेमी-इंग्रजी शाळेत शिकतात. सासूबाईंना मधुमेह आहे व हृदयरोगतज्ज्ञांकडे नियमित तपासणी करून घ्यावी लागते. मी लेखापाल म्हणून काम करते आणि तेथे स्थिरावल्यावर पुन्हा नोकरी शोधण्याचा माझा विचार आहे.

नातेवाइकांपैकी प्रत्येकाचे मत वेगळे आहे. कोणी म्हणतात की नोकरी जेथे आहे त्याच्या जवळ, म्हणजे भरूचला राहावे. कोणी म्हणतात की बडोद्यात मराठी माणसे पुष्कळ आहेत, तेथे परके वाटणार नाही. आणि सासूबाईंचे माहेर जळगावकडचे असल्यामुळे त्यांचा ओढा सुरतेकडे आहे. ज्यांनी या पट्ट्यात प्रत्यक्ष संसार केला आहे, त्यांनी निवड नेमक्या कोणत्या गोष्टीवरून करावी हे सांगितल्यास आभारी राहीन.

पाळीवाला:
दहेजच्या एका कारखान्यात उत्पादन विभागात काम करतो आणि सहकुटुंब भरूचला राहतो, त्यामुळे माझे मत थोडे एकांगी वाटले तर समजून घ्यावे. गावांची तुलना करण्यापूर्वी नियुक्तिपत्रात काय लिहिले आहे ते पाहा. काम सामान्य पाळीचे आहे की फिरत्या पाळीचे, या एका उत्तरावर अर्धा निर्णय अवलंबून आहे. भरूचपासून दहेज साधारण 45 किलोमीटर आहे. बडोद्याहून भरूच सत्तर-पंचाहत्तर किलोमीटर आणि सुरतेहूनही जवळपास तितकेच. म्हणजे बडोदा किंवा सुरत निवडल्यास एका बाजूचाच प्रवास शंभर किलोमीटरच्या पुढे जातो. सामान्य पाळीच्या माणसाला कंपनीची बस मिळत असेल तर बडोद्याहून ये-जा करणारे लोक आहेत, आणि ते बसमध्ये झोप पूर्ण करतात. फिरत्या पाळीत मात्र रात्रपाळी संपवून तो प्रवास करायचा, दुपारी घरात मुलांचा गलबला असताना झोपायचे आणि पुन्हा निघायचे, हे सहा महिन्यांत शरीराला जाणवू लागते. वार्षिक शटडाउनच्या, म्हणजे देखभालीसाठी कारखाना बंद ठेवण्याच्या काळात तर घरी परतण्याची वेळ कोणालाच सांगता येत नाही.

अंकलेश्वरचे नाव आपण घेतलेले नाही, पण तेथे भाड्याची घरे सहज मिळतात म्हणून कोणीतरी ते सुचवीलच. ते नर्मदेच्या दक्षिण तीरावर आहे आणि दहेज उत्तर तीरावर. 1881 सालच्या जुन्या गोल्डन ब्रिजशेजारी 2021 मध्ये नवा चौपदरी पूल झाल्यापासून नदी ओलांडणे पुष्कळ सुसह्य झाले आहे, हे खरे. तरीही रोज सकाळी पूल ओलांडून मग दहेजचा रस्ता धरण्यात मला अर्थ दिसत नाही. शिवाय केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या 2009 च्या निर्देशांकात देशातील सर्वाधिक प्रदूषित औद्योगिक क्षेत्र म्हणून अंकलेश्वरचा पहिला क्रमांक होता. त्यानंतर सुधारणा झाल्या आहेत, परंतु हृदयाचा आजार असलेल्या वयस्कर माणसाला तेथे नेताना मी दोनदा विचार करीन.

विश्वामित्रीकर:
वरील प्रतिसादातील पाळीचा मुद्दा मान्य आहे, परंतु माझ्या मते आपल्या घरातला निर्णायक माणूस नोकरी करणारा नसून आठवीतली मुलगी आहे.

ती नववीत गुजरातेत दाखल झाली की तिची दहावी तेथेच होईल. महाराष्ट्रातील वैद्यकीय महाविद्यालयांच्या राज्य कोट्यासाठी सर्वसाधारणपणे दहावी आणि बारावी या दोन्ही परीक्षा महाराष्ट्रातून उत्तीर्ण झालेल्या असाव्या लागतात. बदलीवर गेलेल्या सरकारी कर्मचाऱ्यांच्या मुलांसारखे काही अपवाद आहेत, पण खासगी नोकरीतील पालकांना त्यांचा उपयोग नाही. शासकीय महाविद्यालयांतील 15 टक्के अखिल भारतीय जागा कोणालाही खुल्या असतात, उरलेल्या 85 टक्क्यांचा प्रश्न राज्याच्या नियमांचा असतो. याचा अर्थ असा की, मुलीच्या मनात वैद्यकीय शिक्षण असेल तर ‘बारावीला नाशिकला परत आणू’ हा विचार आजच सोडून द्यावा लागेल, कारण दहावी बाहेरची झाल्यावर त्या परतीचा फायदा होत नाही. गुजरातेत अभियांत्रिकीच्या राज्य प्रवेशासाठी बारावी गुजरातमधील शाळेतून झालेली असावी लागते व गुजकेट ही परीक्षा द्यावी लागते. तेथील वैद्यकीय प्रवेशासाठी शिक्षण कोठे झाले आणि अधिवास कोठला हे दोन्ही पाहिले जाते. ती नियमपुस्तिका दरवर्षी निघते, ती आपण स्वतः वाचावी, एजंटाच्या तोंडून ऐकू नये.

म्हणून आपण गाव आजच्या शाळेसाठी निवडत नसून पुढील चार वर्षांसाठी निवडत आहात, असे धरून चाला. नववीची शाळा भरूचलाही चांगली मिळेल. अकरावी-बारावी विज्ञानाच्या शिकवण्या, प्रयोगशाळा आणि त्यापुढील पदवीचे पर्याय यांचा विचार केला की बडोदा सरस ठरते. महाराजा सयाजीराव विद्यापीठ 1949 पासून आहे आणि तेथील शिक्षण इंग्रजी माध्यमातून होते, हा परराज्यातून येणाऱ्यांना मोठाच आधार आहे. आपल्या लेखापालाच्या नोकरीसाठीही बडोद्यात भरूचपेक्षा अधिक वाव आहे.

शाळेबाबत दोन बारकावे लक्षात असू द्यावेत. सेमी-इंग्रजीतल्या मुलांना गणित आणि विज्ञान इंग्रजीतून असल्यामुळे पालक निर्धास्त असतात, पण पूर्ण इंग्रजी माध्यमात गेल्यावर ही मुले अडखळतात ती इतिहास-नागरिकशास्त्रात, कारण तेथे दीर्घ उत्तरे लिहावी लागतात. सुट्टीत तिच्याकडून तेवढा सराव करून घ्या. दुसरे म्हणजे, सीबीएसईची शाळा हवी असेल तर वर्ग एप्रिलमध्ये सुरू होतात आणि दहावीच्या परीक्षेसाठीची नोंदणी नववीतच होते. दहावीत थेट प्रवेश मिळवणे अवघड असते, त्यामुळे हेच वर्ष योग्य आहे. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर आपल्या शिक्षणाधिकाऱ्यांची प्रतिस्वाक्षरी नाशिक सोडण्यापूर्वीच घ्यावी. नंतर त्या एका सहीसाठी रजा काढून परत जावे लागते. धाकट्या मुलाला गुजराती शिकावे लागेल, कारण 2023 च्या कायद्याने सर्व मंडळांच्या शाळांत पहिली ते आठवी गुजराती विषय अनिवार्य केला आहे. लिपी देवनागरीच्या जवळची आहे, शिरोरेघ तेवढी नाही. तिसरीतला मुलगा दिवाळीपर्यंत दुकानांच्या पाट्या वाचू लागेल.

मराठी माणसांविषयी सांगायचे तर गायकवाडांच्या काळापासून दांडिया बाजार, रावपुरा या भागांत मराठी बोलणारी घरे आहेत, आणि सासूबाईंना त्याचा दिलासा वाटेल. पण केवळ त्यासाठी गाव निवडू नये.

पाळीवाला:
मुलीचा मुद्दा बिनतोड आहे. तरीही ‘बडोदा सरस’ हे वाक्य वडिलांच्या झोपेच्या जोरावर उभे आहे, एवढे नोंदवून ठेवतो.

तापीकाठ:
सुरतेविषयी थोडक्यात लिहितो, कारण दहेजच्या नोकरीसाठी मी स्वतः सुरत सुचवणार नाही. सुरत-भुसावळ रेल्वेमार्गामुळे जळगावशी संबंध सोपा राहतो. खानदेशातून आलेली मराठी वस्ती लिंबायत, उधना, दिंडोली या भागांत मोठी आहे आणि महानगरपालिका मराठी माध्यमाच्या प्राथमिक शाळाही चालवते. परंतु यांपैकी काहीही आपल्या दैनंदिन गरजेत बसत नाही: मुलीला मराठी प्राथमिक शाळा नको आहे, आणि जळगावला वर्षातून फार तर चार वेळा जाणे होईल. सासूबाईंना हवे तेव्हा गाडीत बसवून देता येईल. भरूच आणि बडोदा दोन्ही मुंबई-अहमदाबाद मुख्य मार्गावर आहेत, सुरतेला गाडी बदलली की झाले.

गोदाकाठ:
सर्वांचे मनापासून आभार. यजमानांना विचारले तेव्हा कळले की पहिले सहा महिने सामान्य पाळी असून त्यानंतर फिरती पाळी लागण्याची शक्यता आहे. मुलीला जीवशास्त्र आवडते, त्यामुळे वैद्यकीय प्रवेशाचा मुद्दा आम्हाला लागू पडतो. आता विचार असा आहे की घर बडोद्यात करावे आणि पाळी बदलली की यजमानांनी कामाच्या दिवसांत भरूचला खोली घेऊन राहावे. हे व्यवहार्य आहे का? बडोद्यात कोणत्या भागात घर पाहावे?

विश्वामित्रीकर:
व्यवहार्य आहे, आणि अनेक कुटुंबे तसे करतात. मात्र दोन घरांचा खर्च आणि घरातील सर्व जबाबदारी आपल्या एकटीवर येणार हे दोन्ही आधी मोकळेपणाने बोलून घ्या. मी तर पहिले सहा महिने घर बदलण्याची मुभा राहील असा भाडेकरार करीन.

भाग निवडताना नकाशावर आधी विश्वामित्री नदी शोधा. ऑगस्ट 2024 च्या पुरात समा, फत्तेगंज, कारेलीबाग, अकोटा, मुजमहुडा या भागांतील अनेक सोसायट्यांत पाणी शिरले होते. यातील प्रत्येक गल्ली बुडते असे नव्हे, एकाच रस्त्यावर शंभर पावलांनी फरक पडतो. म्हणून घर दाखवणाऱ्याला न विचारता खालच्या मजल्यावरील रहिवाशाला किंवा पहारेकऱ्याला विचारा की पाणी कोठपर्यंत आले होते. भिंतीच्या रंगाखाली रेषा पुष्कळदा अजून दिसते. वाहनतळ तळघरात असेल तर ते घर सोडून द्या. सासूबाईंचा जिना चढण्याचा प्रश्न नसेल तर पहिला किंवा दुसरा मजला उत्तम, आणि लिफ्ट असली तरी वीज गेल्यावर ती चालते का ते पाहावे.

दहेजच्या दृष्टीने शहराची पश्चिम बाजू, म्हणजे जुना पादरा रस्ता आणि त्याच्या आसपासचा भाग सोयीचा पडतो. दिल्ली-मुंबई द्रुतगती मार्गाचा पादरा ते भरूचजवळील मनुबर हा भाग फेब्रुवारी 2024 मध्ये खुला झाला आहे. तथापि कंपनीची बस कोणत्या थांब्यावरून सुटते हे कळल्याशिवाय घर पक्के करू नका. बस शहराच्या दुसऱ्या टोकाहून निघत असेल, तर पहाटे तेथवर पोहोचण्यातच जवळ राहण्याचा फायदा संपतो.

तापीकाठ:
एक गोष्ट कोणी लिहिली नाही. आपली गाडी महाराष्ट्रात नोंदलेली असेल, तर मोटार वाहन कायद्याप्रमाणे ती दुसऱ्या राज्यात 12 महिन्यांहून अधिक काळ ठेवल्यास तेथील नोंदणी क्रमांक घ्यावा लागतो. त्यासाठी नाशिकच्या परिवहन कार्यालयाचे ना-हरकत प्रमाणपत्र लागते आणि गाडीवर कर्ज असेल तर बँकेचीही संमती लागते. कंपनीची कार्यालये चार किंवा अधिक राज्यांत असतील तर यजमान बीएच मालिकेसाठी, म्हणजे राज्य बदलले तरी चालणाऱ्या वाहन क्रमांकासाठी, पात्र ठरू शकतात. मनुष्यबळ विभागाला विचारून पाहा. तसेच घरात कोणाला आरक्षणाचा लाभ मिळत असेल, तर महाराष्ट्राच्या जातप्रमाणपत्रावर गुजरात राज्याच्या सवलती मिळत नाहीत, हे मुलीच्या प्रवेशाचा हिशेब करताना धरावे.