वॉल्टर कॅम्प: अमेरिकन फुटबॉल घडवणारा की अडवणारा?

मैदानवेडा:
कॅम्प १८७६ पासून येल विद्यापीठाकडून खेळला आणि १८८८ ते १८९२ तिथेच प्रशिक्षक होता. त्या पाच हंगामांत येल फक्त दोन सामने हरलं. तरी माझ्या मते त्याचं मोठं काम नियमांच्या बैठकांतलं आहे. १८८० साली त्याने संघ ११ जणांचा करून घेतला आणि रग्बीचा स्क्रम (चेंडूसाठी दोन्ही संघांची घोळक्याने रेटारेटी) काढायला लावला. चेंडू एकाच संघाचा, मधला खेळाडू तो पायाने मागे सरकवणार, त्याच्या मागचा खेळाडू, क्वार्टरबॅक, उचलणार. आजचा खेळ इथूनच सुरू होतो.

उजवी_बगल:
पण त्या नियमात चेंडू सोडायची सक्तीच नव्हती! १८८१ च्या सामन्यात प्रिन्स्टन आणि येल अर्धा-अर्धा वेळ चेंडू दाबून बसले. निकाल ०-०.

मैदानवेडा:
मग पुढच्याच वर्षी दुरुस्तीही कॅम्पनेच आणली. तीन डाउनमध्ये (चेंडू पुढे न्यायच्या तीन प्रयत्नांत) ५ यार्ड पुढे जा किंवा १० यार्ड मागे या, नाहीतर चेंडू समोरच्यांना. अंतर मोजायला दर ५ यार्डांवर चुन्याची रेघ आली.

उजवी_बगल:
आणि १८८८ चं काय? चेंडूवाल्याला गुडघ्यापर्यंत पकडून पाडलं (टॅकल) तरी चालेल, पण त्याच्यासाठी वाट अडवून धरणाऱ्या साथीदारांनी हात पसरायचे नाहीत, असं ठरलं. मोकळ्यात धावणारा लगेच आडवा होऊ लागला. हात पसरता येईनात म्हणून लाइनमधले (पुढच्या रांगेतले) खांद्याला खांदा भिडवून उभे राहू लागले. तीन डाउनला ५ यार्ड म्हणजे एका डाउनला पावणेदोन यार्डही पुरतात. घोळक्याने रेटलं की तेवढे सहज मिळतात. १८९२ मध्ये हार्वर्डने तर दोन तुकड्या लांबून पळवत आणून येलच्या एकाच माणसावर पाचरीच्या आकाराचा घोळका आदळवला. ही डोकी फुटण्याची वाट नियमांनीच आखून दिली. म्हणूनच १९०५ साली राष्ट्राध्यक्ष रूझवेल्टना हार्वर्ड, येल, प्रिन्स्टनच्या लोकांना व्हाइट हाउसवर बोलवावं लागलं, त्यात कॅम्पही होता.

रेघेबाहेर:
त्यानंतरचा कॅम्पचा उपाय पाहा: तीन डाउनला ५ ऐवजी १० यार्ड करा. फॉरवर्ड पासबद्दल (चेंडू हाताने पुढे फेकण्याबद्दल) तो नाखूशच होता. १९०६ मध्ये दोन्ही गोष्टी झाल्या, पण कुणाचाही हात न लागता पास जमिनीवर पडला की चेंडू समोरच्यांचा. एवढी जोखीम घेऊन पास टाकणार कोण? १० यार्ड मात्र काढायचेच होते. गुण करणं अवघड झालं, म्हणून १९१२ ला चौथा डाउन द्यावा लागला.