भाड्याच्या गाडीला किरकोळ अपघात झाल्यानंतरचा घोर कसा आवरावा?

रातकिडा (धागाकर्ती)

नमस्कार. मला सल्ला हवा आहे, पण तो गाडीविषयी हवा आहे की मनाविषयी, हे माझे मलाच नीट सांगता येत नाही, म्हणून जे घडले ते क्रमाने लिहिते.

तीन दिवसांसाठी स्वतः चालवायची गाडी भाड्याने घेतली होती. परत करण्याच्या आदल्या संध्याकाळी तळघरातल्या पार्किंगमधून गाडी बाहेर काढताना डावीकडचे वळण जरा लवकर घेतले गेले आणि मागचा डावा दरवाजा सिमेंटच्या खांबाला घासला. वेग माणूस चालतो त्याहून अधिक नसेल. आवाज मात्र पत्र्याची पेटी फरशीवरून फरफटत न्यावी तसा आला, आणि तो थांबल्यावरही ब्रेकवरचा पाय उचलायचे मला बराच वेळ सुचले नाही. खाली उतरून पाहिले तेव्हा दारावर हातभर ओरखडा होता, मुठीच्या खाली तळहाताएवढा पोचा पडला होता आणि खांबाचा पिवळा रंग पत्र्याला लागला होता. कोणालाही इजा झाली नव्हती आणि दुसऱ्या कोणत्याही गाडीला धक्का लागला नव्हता. तरीही मी रुमाल ओला करून तो पिवळा रंग पुसत बसले. निम्मा निघाला, निम्मा तसाच राहिला, आणि आपण काहीतरी लपवत आहोत असे वाटून जीव अधिकच कासावीस झाला.

गाडी परत करताना मी आपण होऊन सारे सांगितले. काउंटरवरच्या तरुणाने दारावरून बोट फिरवले, कागदावर छापलेल्या गाडीच्या चित्रावर एक फुली मारली, दोन फोटो काढले आणि "कळवतो" एवढेच म्हणाला. त्याला आज नऊ दिवस झाले. कार्डावर अनामत म्हणून अडकवलेली रक्कम अजून मोकळी झालेली नाही आणि कंपनीकडून एका ओळीचेही पत्र नाही. रात्री अडीचच्या सुमारास जाग येते आणि मग अख्खा दरवाजा बदलतील का, विमा नाकारतील का, मुळात आपल्याला गाडी चालवता येते तरी का, असे एकातून दुसरे निघत पहाट होते. घरचे म्हणतात की पत्र्याचेच नुकसान झाले आहे, माणसाचे नाही. त्यांचे बरोबरच आहे, पण ते ऐकल्यावर घोर कमी होत नाही, उलट एवढ्याशा गोष्टीचा घोर लागल्याची लाज तेवढी वाढते. हे वाट पाहण्याचे दिवस कसे काढावेत?

पलीकडचा_काउंटर

मी काही वर्षे गाड्या भाड्याने देणाऱ्या एका कंपनीत परतीच्या गाड्या तपासण्याचे काम केले आहे, त्यामुळे त्या फुलीचे पुढे काय होते ते सांगू शकतो. तो तरुण तुमच्याशी तुटक बोलला त्यात राग नव्हता; परतीच्या वेळी काउंटरवर असणाऱ्या माणसाला खर्चाचा आकडा सांगण्याचा अधिकार बहुधा नसतोच. तो फक्त नोंद करतो. फोटो आणि तो कागद नुकसानीचे हिशेब पाहणाऱ्या विभागाकडे जातो, तिथून गॅरेजकडे अंदाजपत्रकासाठी जातो, आणि गाडी त्याच दिवशी पुढच्या ग्राहकाला दिली गेली असेल तर ती गॅरेजमध्ये पोहोचायलाच आठवडा-दोन आठवडे लागू शकतात. नऊ दिवसांच्या शांततेचा अर्थ सहसा एवढाच असतो, की तुमचा कागद कोणाच्या तरी टेबलावर इतर कागदांच्या खाली आहे.

आता तुमच्या अडीच वाजताच्या प्रश्नांकडे वळतो. करारनामा काढा आणि त्यात "एक्सेस" किंवा "डिडक्टिबल" हा शब्द शोधा. भाड्यात नुकसानीचे संरक्षण समाविष्ट असेल, तर त्या शब्दापुढचा आकडा म्हणजे अशा अपघातात तुमच्या खिशातून दुरुस्तीपोटी जाऊ शकणारी कमाल रक्कम. दरवाजा रंगवला काय आणि बदलला काय, त्यापुढचा भार तुमच्यावर येत नाही. ही मर्यादा मोडते ती ठरावीक कारणांनी: दारू पिऊन गाडी चालवणे, करारात नाव नसलेल्या व्यक्तीच्या हाती गाडी देणे, मनाई असलेल्या रस्त्यावर गाडी नेणे, किंवा घडलेली गोष्ट कळवायची मुदत टाळणे. टायर, काचा, छत आणि गाडीचा तळ हे भागही पुष्कळदा संरक्षणाबाहेर ठेवलेले असतात. दरवाजा त्या यादीत सहसा नसतो. तरी आपल्या करारातली यादी स्वतः वाचा, माझ्या शब्दावर विसंबू नका.

दुरुस्तीखेरीज दोन रकमा लावल्या जाऊ शकतात, त्या आधीच माहीत असलेल्या बऱ्या: एक कागदपत्रांच्या कामाचे शुल्क, आणि दुसरी गाडी गॅरेजमध्ये असताना बुडालेल्या भाड्याची भरपाई. या दोन्ही रकमा त्या मर्यादेत धरल्या आहेत की वेगळ्या, हे करारावरूनच कळेल. कार्डावर अडकवलेली रक्कम ही वसुली नव्हे. बँकेने ती बाजूला धरून ठेवलेली असते, आणि कंपनीने मोकळी केल्यावरही ती खात्यात दिसायला काही दिवस जातात.

तुम्ही आज एक काम करा. कंपनीला एक ईमेल लिहा, त्यात करार क्रमांक, तारीख, वेळ आणि घटना चार ओळींत मांडा, आणि शेवटी विचारा की अंदाजपत्रक कधीपर्यंत अपेक्षित आहे, ते भागनिहाय मिळेल का, आणि गाडी तुम्ही घेतली त्या वेळचा नोंदतक्ता पाठवता येईल का. फोनवर विचारू नका, कारण फोनवरचे उत्तर उद्या कोणालाच आठवत नाही. आणि तुम्ही तो रंग पुसायला बसलात म्हणून अपराधी वाटून घेऊ नका. ओल्या रुमालाने पुसलेले दार मी इतक्या वेळा पाहिले आहे, की कोरडे दार दिसले तर आश्चर्य वाटायचे.

रातकिडा (धागाकर्ती)

मनापासून आभार. करारात तो आकडा सापडला. मी रात्री मनात जी रक्कम धरत होते, तिच्या चौथ्या हिश्श्याहूनही तो कमी आहे. ईमेल पाठवला आहे. पण खरे सांगायचे तर आकडा कळल्यानंतरही काल रात्री जाग आलीच, आणि आता उत्तर आले का ते पाहायला दर अर्ध्या तासाने फोन हातात घेतला जातो. मग हा घोर पैशांचा नव्हताच की काय?

तिसराप्रहर

पैशांचा होता, पण फक्त पैशांचा नव्हता. मी मानसशास्त्राची विद्यार्थिनी होते आणि मुळात स्वभावाने काळजीखोर आहे, म्हणजे विषय दोन्ही बाजूंनी परिचयाचा आहे.

ब्लूमा झायगार्निक या मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९२७ साली आपले प्रयोग प्रसिद्ध केले. त्यांत सहभागी झालेल्यांना अर्ध्यावर थांबवलेली कामे पुरी झालेल्या कामांपेक्षा अधिक आठवली. पुढच्या संशोधकांना हा परिणाम प्रत्येक वेळी तितकाच ठळक सापडला नाही, हेही सांगायला हवे, परंतु अपुरे काम मनात पुन्हा पुन्हा डोके वर काढते हा अनुभव आपल्याला परका नाही. तुमचे प्रकरण नेमके तसे अर्धे आहे, आणि ते पुरे करणे तुमच्या हातात नाही. मॅसिकॅम्पो आणि बाउमाइस्टर यांनी २०११ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांतून याच्या पुढची गोष्ट दिसली: काम पुरे न होताही, ते केव्हा आणि कसे करायचे याचा नेमका बेत आखला, तर त्याचे विचार मध्ये मध्ये येण्याचे प्रमाण घटते. म्हणून ईमेल पाठवून थांबू नका. "अमुक तारखेपर्यंत उत्तर आले नाही तर सकाळी दहा वाजता स्मरणपत्र पाठवीन, त्यानंतर आठवड्याने तक्रार विभागाला लिहीन" असे कागदावर तारखांसह लिहा आणि तो कागद करारनाम्यालाच टाचून ठेवा. रात्री जाग आली की मनाला सांगायला तुमच्याकडे तारीख असेल.

दुसरा उपाय ऐकायला पोरकट वाटेल. थॉमस बोर्कोवेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८३ साली काळजीसाठी रोज ठरलेली वेळ आणि ठरलेली जागा राखून ठेवण्याची पद्धत तपासली होती. अर्धा तास, शक्यतो निजायच्या बराच आधी, एकाच खुर्चीत बसून मनसोक्त काळजी करायची. एरवी काळजी आली की तिला त्या वेळेची आठवण द्यायची. मी हे केले आहे. पहिले तीन-चार दिवस काळजी ऐकत नाही. नंतर गंमत अशी होते की ठरलेल्या वेळी खुर्चीत बसावे, तर पंधरा मिनिटांतच सांगण्यासारखे काही उरत नाही. ईमेल पाहणेही दिवसातून दोन वेळांवर आणा, कारण प्रत्येक वेळी फोन उघडून मिळणारा क्षणभराचा दिलासाच पुढच्या वेळी फोन उघडायला लावतो.

लाजेबद्दलही थोडे लिहावेसे वाटते. धडक किती हलकी होती याचे मोजमाप शरीराला त्या क्षणी करता येत नाही. तो आवाज आला तेव्हा हृदयाची गती वाढली, हातपाय गार पडले, आणि ते सारे विझायला काही दिवस लागणे यात नवल काही नाही. झोपमोड, दचकणे, तो प्रसंग डोळ्यांपुढे येणे हे पुष्कळांच्या बाबतीत काही आठवड्यांत आपोआप ओसरते. महिना उलटूनही ते तसेच राहिले, किंवा गाडीत बसणेच टळू लागले, तर समुपदेशकाकडे किंवा डॉक्टरांकडे जावे. तिथे "अपघात अगदीच किरकोळ होता" असे आधी सांगून स्वतःला कमी लेखू नये.

घाटवळण

वरच्या दोन्ही प्रतिसादांनंतर मानेचे तेवढे विचारतो. मान किंवा खांदे दुखत असतील तर ते दाखवून घ्या. हलक्या धक्क्यानंतरही मानेचे दुखणे कधी कधी दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी वर येते आणि माणूस त्याला झोप न झाल्याचे कारण चिकटवून मोकळा होतो.

दुसरे म्हणजे, गाडी चालवणे थांबवू नका. या बाबतीत मी "मन तयार झाल्यावर बसा" या मताचा नाही, कारण टाळत राहिले की मन तयार होत नाही, फक्त टाळण्यात तरबेज होते. पहिल्या दिवशी ओळखीच्या रिकाम्या रस्त्यावर दहा मिनिटे चालवा, मग गर्दीत, मग पुन्हा एखाद्या तळघरात. आणि तुमची चूक चालक म्हणून नालायक असल्याची नसून भूमितीची आहे: वळताना मागची चाके पुढच्या चाकांच्या रेषेवरून न जाता आतल्या बाजूने जातात, म्हणून खांब तुमच्या खांद्याच्या रेषेत येईपर्यंत सरळ जायचे आणि मगच स्टीअरिंग फिरवायचे. नेहमीच्या गाडीपेक्षा भाड्याची गाडी लांब असेल तर हाताची जुनी सवयच दगा देते.

पलीकडचा_काउंटर

यावर एक पुस्ती जोडतो. अंदाजपत्रक आले की ते आकडा पाहून लगेच भरून टाकू नका. घोर संपवण्याच्या घाईत लोक न वाचता पैसे देतात, हे मी काउंटरच्या आतून पाहिले आहे. कोणता भाग, किती तासांचे काम, गाडी किती दिवस बंद, हे तीन रकाने वाचा आणि पटले नाही ते लेखी विचारा. कंपनीव्यतिरिक्त दुसरीकडून एक्सेसचा वेगळा विमा घेतला असेल, तर आधी कंपनीला पैसे भरून मग पावतीसह तिकडे दावा करावा लागतो, तेव्हा प्रत्येक कागद जपून ठेवा.

रातकिडा (धागाकर्ती)

सोळा दिवसांनी पुन्हा लिहिते आहे. स्मरणपत्राची तारीख उजाडण्याच्या आदल्या दिवशी अंदाजपत्रक आले. दरवाजा बदललेला नाही, पोचा काढून रंगवला आहे, आणि दुरुस्तीची रक्कम एक्सेसच्या आतच आहे. मात्र बुडालेल्या भाड्यापोटी पाच दिवस लावले आहेत आणि गॅरेजच्या कागदावर काम दोन दिवसांचे दिसते, म्हणून मी त्या तीन दिवसांचा खुलासा लेखी मागितला आहे. तो अजून आलेला नाही. गंमत म्हणजे हे उत्तर यायचे असूनही मी झोपते आहे. काळजीची खुर्ची पहिल्या आठवड्यात उपयोगी पडली, नंतर दोनदा मी तिथे जायचेच विसरले. मान ठीक आहे.

काल भावाची गाडी घेऊन एका तळघरातल्या पार्किंगमध्ये गेले. बाहेर पडताना खांब खांद्याच्या रेषेत येईपर्यंत थांबले, मग वळले, आणि पलीकडे गेल्यावर गाडी बाजूला उभी करून उगाचच तो खांब पाहायला परत आले. माझ्या कमरेच्या उंचीवर त्याच्या कडेचे सिमेंट झिजून गुळगुळीत झाले होते, आणि त्यावर लाल, पांढरे, चंदेरी, एक गडद निळा, असे कितीतरी गाड्यांचे रंग एकावर एक चढलेले होते.