स्क्रिप्ट म्हणजे पोपटपंची नाही हो

वर एकांनी 'डायरेक्ट इन्स्ट्रक्शन' या शिकवण्याच्या पद्धतीबद्दल लिहिलंय की शिक्षकाच्या हातात शब्दन् शब्द लिहिलेली स्क्रिप्ट दिली की त्याचा पोपट होतो. मला हे अजिबात पटत नाही, कारण ती स्क्रिप्ट तयार कशी झाली ते आधी बघायला हवं. ही पद्धत काढणारा झिगफ्रीड एंगलमन हा मूळचा जाहिरात क्षेत्रातला माणूस, १९६०च्या दशकात अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठात कार्ल बेरायटर या संशोधकाबरोबर गरीब घरातल्या लहान मुलांना शिकवायला लागला, आणि त्याचा आग्रह एकच, मूल चुकलं तर आधी आपलं शिकवणं तपासा. धडा लिहायचा, मुलांवर वापरून बघायचा, मुलं जिथे अडखळतील तिथलं वाक्य बदलायचं आणि मगच छापायचं. १९६९च्या सुमारास आलेल्या डिस्टार या त्याच्या इंग्रजी वाचनाच्या धड्यांमध्ये तर उच्चार न होणारी अक्षरं चक्क बारीक छापली होती, म्हणजे मुलाला दिसतंच की हे वाचायचं नाही. आणि आवाज तोडायचे नाहीत, 'मऽऽॲऽऽन' असं सलग ओढायचं, मग शिक्षक म्हणणार "आता पटकन म्हणा", की सगळा वर्ग एका सुरात "मॅन"! चुकलं तर शिक्षक आधी स्वतः म्हणून दाखवतो, मग सोबत म्हणतो, मग मुलांना एकट्याने म्हणायला लावतो.

गरीब मुलांसाठी शिकवण्याच्या वेगवेगळ्या पद्धती (मॉडेल्स) ताडून बघणाऱ्या अमेरिकेच्या फॉलो थ्रू प्रकल्पात १९७७च्या मूल्यमापनात वाचन, गणित आणि आत्मविश्वास या तिन्हीत हीच पद्धत सगळ्यात पुढे होती, आत्मविश्वासात सुद्धा! तरीही सरकारने नापास मॉडेल्ससकट सगळ्यांचीच शिफारस केली, याचं मला आजही फार वाईट वाटतं.