मदत हवी आहे: मानमोडीने १३ कोंबड्या गेल्या, रवणीला बसलेली एक वाचलीय, सहा दिवसांत पिल्लं निघतील

नमस्कार. पहिल्यांदाच लिहितेय. थोडं लांबेल, पण सगळं सांगितल्याशिवाय कोणाला नीट उत्तर देता येणार नाही.

आम्ही रत्नागिरी जिल्ह्यात एका वाडीत राहतो. नवरा मुंबईला नोकरीला, इथे मी, सासूबाई आणि चौथीतला मुलगा. कोंबड्या सासूबाईंच्या, म्हणजे त्या लग्न होऊन आल्या तेव्हापासून परसात खुराडं आहेच. सगळ्या गावठी, १६ कोंबड्या आणि एक कोंबडा. घरात अंडी विकत आणायची वेळ कधी आली नाही, उरलेली शेजारी पंधरा रुपयाला एक जातात आणि ते पैसे आईंचे, त्यातून त्यांची औषधं, मुलाला खाऊ, कधी एसटीचं भाडं. पाहुणे आले की वडे-सागुतीला कोंबडा घरचाच. मोठा धंदा नाही हो, पण आमच्या घराला तो आधार होता.

तीन रविवारांपूर्वी संध्याकाळी आईंनी एक कोंबडी ११ अंड्यांवर रवणीला बसवली. ती खुराड्यात नाही बसवली, मागच्या पडवीत टोपलीत भाताचा पेंढा घालून बसवली कारण खुराड्यात बाकीच्या तिला उठवतात. मंगळवारी दिरांनी राखणीसाठी (देवाला कोंबडा देतात त्यासाठी) बाजारातून दोन कोंबडे आणले. एक राखणीला दिला आणि दुसरा दिसायला छान होता, तुरा लालभडक, मुलाने हट्ट केला म्हणून ठेवला आणि आमच्यातच सोडला. शनिवारी तो एका कोपऱ्यात पंख पाडून बसला, मला वाटलं उन्हाने असेल. रविवारी सकाळी मेलेला.

मग मंगळवारपासून आमच्या कोंबड्यांना लागण झाली. आधी खाणं सोडलं, डोळे मिटून बसायच्या, हिरवी-पांढरी पातळ शीट, तोंड उघडून श्वास घ्यायच्या आणि घशातून खर्रखर्र आवाज. दोन कोंबड्यांनी कवच नसलेली मऊ अंडी टाकली. शेवटी शेवटी मान वळून पाठीवर जायची आणि गोल गोल फिरायच्या. कालपर्यंत आमचा कोंबडा धरून १३ गेल्या. आईंनी दोन दिवस जेवणच नाही घेतलं. त्या म्हणतात मानमोडी आली, दर दोन-चार वर्षांनी येते, नशीब. मला हे नशीब म्हणून सोडून द्यायचं नाहीये म्हणून इथे विचारतेय.

शेजारच्या काकी म्हणाल्या आजारी दिसते तेव्हाच कापून खा, फुकट कशाला घालवता. मी नाही कापल्या. परसाच्या टोकाला कमरेएवढा खड्डा काढून चुना टाकून पुरल्या, वर दगड ठेवले, कुत्रे उकरतात म्हणून.

आता उरल्यात चार. दोन बऱ्या दिसतात, एक तलंग (तरुण कोंबडी) वाचली पण तिची मान वाकडी राहिलीय, दाणा टिपायला गेली की चोच बाजूला जाते, आणि चौथी ती पडवीतली रवणीवरची. तिला अजून काही झालेलं नाही. आठव्या दिवशी मोबाईलच्या टॉर्चवर अंडी बघितली होती, दोन मोकळी निघाली ती काढली, नऊमध्ये लाल शिरा दिसत होत्या. आज पंधरावा दिवस. म्हणजे रविवारी पिल्लं निघतील.

माझे प्रश्न असे की, ही अंडी ठेवावीत की टाकावीत? पिल्लं निघाली तर याच जागेत जगतील का? कोंबडीला उचलून दुसरीकडे नेली तर ती अंडी सोडेल का? आणि लस म्हणतात ती नक्की कधी, कुठे द्यायची? तालुक्याला विचारलं तर लस १०० डोसच्या बाटलीत येते म्हणाले, माझ्याकडे सगळी मिळून १३ होतील, बाकीचं फेकायचं का? कोणी घरच्या घरी १०-१५ कोंबड्या पाळणारं असेल तर प्लीज सांगा, मोठ्या पोल्ट्रीवाल्यांचं आम्हाला लागू पडत नाही.

प्रतिसाद:
ताई, अंडी टाकू नका. तुमच्या लिहिण्यातलीच एक गोष्ट बघा, अंडी रविवारी ठेवली आणि बाजारचे कोंबडे मंगळवारी आले. म्हणजे अंडी रोग यायच्या आधीची, आत रोग असायचं कारण नाही. धोका बाहेरून आहे, म्हणजे तुमचे हात, चपला, खुराड्यातलं भांडं आणि ती कोंबडी दिवसातून एकदा खायला उठते तेव्हा अंगणात जाते का, हे.

आज रात्रीपासूनच तिला अंगणात सोडू नका, पाणी आणि दाणे टोपलीच्या बाजूलाच ठेवा. पडवी खुराड्यापासून लांब असेल तर हलवूच नका. हलवायचीच असेल तर काळोखात, टोपलीसकट, दोघांनी धरून, आवाज न करता, अंडी हाताळायची नाहीत. दिवसा हलवली की उठते आणि परत जुन्या जागेवर जाऊन बसते, माझ्याकडे असं झालंय आणि दहा अंडी थंड पडली.

तिचं सगळं आधी करा, मग हात साबणाने धुवून बाकीच्या तिघींकडे जा. उलट कधीच नको. पडवीसाठी वेगळी चप्पल ठेवा. हे वाचायला क्षुल्लक वाटतं पण हा रोग शीट लागलेल्या पायानेही घरोघर फिरतो.

प्रतिसाद:
मी पशुवैद्यकीय दवाखान्यात पशुधन पर्यवेक्षक होतो, आता निवृत्त. लक्षणांवरून राणीखेतच वाटतो, आपल्याकडे मानमोडी म्हणतात तोच. पण एकदम एवढी मर झाली की ती दवाखान्यात कळवायचीच, बर्ड फ्लूमध्येही अशीच पटापट मरतात आणि नुसतं बघून फरक सांगता येत नाही. २००६ मध्ये नवापूरला बर्ड फ्लू आला तेव्हा काय झालं ते आम्ही जवळून पाहिलंय. नमुना पुण्याला औंधच्या प्रयोगशाळेत जातो. घाबरून लपवू नका. आजारी कोंबडी कापली नाहीत हे फार बरं केलंत, कापताना पिसं-रक्त सगळीकडे होतं. उरलेल्यांना हाताळताना तोंडाला कापड बांधा आणि मुलाला सध्या लांब ठेवा.

रोगावर औषध नाही, कोणी अँटिबायोटिक विकलं तर पैसे घालवू नका. आधीच लस देणं हाच उपाय. पिल्लं ५ ते ७ दिवसांची झाली की लासोटा, म्हणजे राणीखेतची पहिली लस, एका डोळ्यात एक थेंब. १४ व्या दिवसाच्या आसपास गंबोरो, म्हणजे त्याच नावाच्या पिल्लांच्या रोगाची लस. चौथ्या आठवड्यात परत लासोटा. सहा-सात आठवड्यांची झाली की देवीची लस पंखाच्या पडद्यात टोचून. आणि आठव्या आठवड्यानंतर आर-टू-बी, म्हणजे राणीखेतचीच जास्त जोरदार लस, अर्धा मिली कातडीखाली, ही लहान पिल्लांना चुकूनही द्यायची नाही, तीच लस त्यांना मारते.

लस थर्मासमध्ये बर्फ घालून आणायची. एकदा विरघळवली की दोन तासांत संपवायची, उन्हात तर नाहीच. लस देणाऱ्याने हात धुवेपर्यंत स्वतःच्या डोळ्याला हात लावू नये, डोळे येतात.

१०० डोसचं म्हणाल तर फेकायचे कशाला, वाडीत घरं किती आहेत? सगळ्यांच्या मिळून ८०-९० कोंबड्या सहज निघतील. एकट्या तुमच्या घरी लस दिली आणि शेजारी नाही तर पुढच्या शिमग्याला परत हाच प्रश्न विचाराल. फक्त आज ज्यांच्याकडे आजारी आहेत त्यांना टोचायची नाही, निरोगी असतील त्यांनाच.

प्रतिसाद:
त्या वाकड्या मानेच्या तलंगेचं मन घट्ट करून काय ते करा. वाचलेली कोंबडी बरी दिसली तरी शीटेतून रोग सोडत राहते. मी असती तर ठेवली नसती, नऊ पिल्लांपुढे एक तलंग.

आणि नवीन आणायची घाई नको. मोटारसायकलवर जाळीत रंगीबेरंगी पिल्लं घेऊन येतात त्यांच्याकडून अजिबात नको, कोणती लस झालीय कोणालाच माहीत नसतं. कोल्हापूरला सरकारी अंडी उबवणी केंद्र आहे, तिथे चौकशी करा. वनराज, गिरिराज या सुधारित जाती अंडी जास्त देतात, वजनही भरतं, पण रवणीला बसत नाहीत म्हणून गावठी दोन-तीन हव्यातच, त्यांच्याखाली अंडी ठेवायची.

धागाकर्ती:
सगळ्यांचे मनापासून आभार. इतक्या लवकर इतकं सविस्तर कोणी सांगेल असं वाटलं नव्हतं. आईंना रात्री सगळं वाचून दाखवलं, त्यांनी अंडी आणि कोंबड्यांच्या तारखेचं ऐकलं आणि पहिल्यांदा नीट जेवल्या. दवाखान्यात फोन करून कळवलंय. तलंग मी अजून ठेवलीय, गोठ्याच्या पलीकडे एकटी, तिचं सगळ्यात शेवटी करते. बरोबर आहे की चूक माहीत नाही.

खुराड्यातलं खालचं सगळं खरवडून जाळलं, धुण्याच्या सोड्याच्या कडक पाण्याने लाकूड घासलं, चुना मारला आणि वरचे कौल काढून ठेवले, ऊन थेट आत येऊ दे म्हणून. किती दिवस रिकामं ठेवू?

प्रतिसाद (निवृत्त पर्यवेक्षक):
निदान दीड-दोन महिने. ऊन लागतंय हे चांगलं, सावलीत ओल राहते तिथे हा विषाणू टिकतो. पिल्लांना तोपर्यंत पडवीतच डालग्याखाली ठेवा, आईसोबत. आई आजारी वाटली तरच पिल्लं काढून पिवळ्या बल्बखाली, पहिल्या आठवड्यात साधारण ३५ अंश ऊब लागते. पिल्लं बल्बखाली गर्दी करत असतील तर थंडी वाजतेय, लांब पळत असतील तर गरम होतंय, थर्मामीटर नसला तरी कळतं.

तलंग ठेवायची तर महिनाभर तरी वेगळी. मान सुधारेल याची खात्री नाही. दाणे पसरून टाकू नका, खोल वाटीत भिजवलेली कणी द्या, तिला चोच बुडवता येईल.

धागाकर्ती:
आज सांगायला आले. नऊपैकी आठ निघाली, एक अंडं आतून टोचलं होतं पण बाहेर आलंच नाही. कोंबडी ठणठणीत आहे.

वाडीतल्या सहा घरांत मी स्वतः जाऊन मोजलं, काकी आधी नको म्हणाल्या, मग त्यांच्याकडची एक कोंबडी झुरायला लागली तेव्हा त्याच विचारत आल्या, त्यांचं घर सध्या सोडलंय. दवाखान्यातून नमुन्याचं कळलं, राणीखेतच होता. बाकी पाच घरांच्या मिळून ६४ आणि माझी आठ. बाटलीचे पैसे सगळ्यांनी वाटून घेतले. सकाळी सातला थर्मास आला आणि नवाच्या आत सगळं उरकलं. पिल्लू मुठीत धरायचं, डोकं आडवं करायचं, थेंब डोळ्यावर पडला की सोडायचं नाही, ते पापणी मिटून परत उघडेपर्यंत थांबायचं. पहिल्या दोघांचा थेंब ओघळला, परत दिला. आठवं पिल्लू आईंनी धरलं.

गंबोरोची तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहिलीय, देवी आणि आर-टू-बीची पण. तलंग वाटीतून खायला लागलीय, मान तेवढीच आहे.

एक शेवटचं विचारायचं होतं, रोग आल्याला आता तीन आठवडे होऊन गेले, उरलेल्या दोन मोठ्या कोंबड्या अगदी नीट खातायत, एक अंडी पण द्यायला लागलीय. यांना लस आता द्यायची की थांबायचं? आणि ती अंडी घरात खायला चालतील ना, नीट उकडून?