बेणारेचं स्वगत काढून टाकलं तर?

तिसरी_घंटा
'शांतता! कोर्ट चालू आहे' परत वाचून काढलं. मत आधीच सांगतो, मग हाणा. शेवटच्या अंकातलं लीला बेणारेचं लांबलचक स्वगत ही तेंडुलकरांनी या नाटकात केलेली एकमेव तडजोड आहे.

वाचलं नसेल त्यांच्यासाठी: मुंबईची एक हौशी नाटक मंडळी खेड्यात आलीय. रात्री अभिरूप न्यायालयाचा प्रयोग आहे, आरोपी अमेरिकेचे अध्यक्ष जॉन्सन, गुन्हा अण्वस्त्रांचा. एक साक्षीदार आजारी, म्हणून गावातल्या सामंतला उभं करायचं ठरतं. त्याला कोर्ट कसं चालतं ते कळावं म्हणून वेळ काढायला एक लुटुपुटीचा खटला. त्यात आरोपी बेणारे, शाळेतल्या बाई. आरोप भ्रूणहत्येचा, तोही कलम ३०२ खाली. खेळ खेळ म्हणता म्हणता खरंच बाहेर येतं की बाई अविवाहित आहेत, गरोदर आहेत आणि ज्यांचं ते मूल आहे ते प्रोफेसर दामले आज नेमके आलेले नाहीत.

आता कारागिरी बघा. नाटक सुरू होतं तेच बेणारेचं बोट दाराच्या कडीत चिमटतं. सामंत सांगतो, ही कडी जरा विचित्र आहे, नीट सरकवली नाही आणि दार ओढलं की आतले आतच. आपण हसून सोडून देतो. पुढे ती खरंच निघायला जाते तेव्हा दार बाहेरून अडकलेलं. एक शब्द न बोलता सगळं सांगून झालं! न्यायासनावर बसलेले काशीकर कान कोरतायत, वकील झालेले सुखात्मे जोरात आलेत, आणि आरोपी गप्प. या गप्प राहण्यात किती ताकद आहे. आणि मग लेखक तिला बोलायला लावतो. मामाचं प्रकरण, जीव द्यायचा प्रयत्न, दामले. बरं, यातली मामाची गोष्ट मंडळीतल्याच कर्णिकने साक्षीत आधीच सांगितलेली आहे. मग ही पुनरुक्ती कशासाठी? प्रेक्षकांना रुमाल काढता यावेत म्हणून?

विंगेतून
साफ असहमत. तुम्ही संवाद वाचलात, कंसातल्या सूचना वाचल्या नाहीत.

काशीकर घड्याळ पुढे धरून निवेदनासाठी दहा सेकंद देतात. त्याबरोबर प्रकाश बदलतो, सगळं कोर्ट जिथल्या तिथे गोठतं आणि मग बेणारे बोलते. बोलून होतं, प्रकाश पूर्ववत होतो आणि काशीकर म्हणतात, वेळ संपली, आरोपीला काही सांगायचं नाही. म्हणजे त्या खोलीत ती बोललेलीच नाही! तिचं मौन शेवटपर्यंत शाबूत आहे. घड्याळात दहा सेकंद आणि रंगमंचावर काही मिनिटं, या दोन वेळांच्या मधल्या फटीत ते भाषण बसवलंय. ऐकतो फक्त प्रेक्षक, आणि ऐकून त्याला काही करता येत नाही. याला तडजोड म्हणायचं?

पुनरुक्तीबद्दल. कर्णिक सांगतो तेव्हा ते लफडं असतं: पंधराव्या वर्षी सख्ख्या मामाच्या प्रेमात पडली, त्यापायी जीव द्यायला निघाली. ती सांगते तेव्हा त्यात एक न कळत्या वयाची मुलगी असते, तिच्या रूपाचं कौतुक करणारा मोठा माणूस असतो आणि लग्नाचा विषय निघाल्यावर शेपूट घालून पळणारा तोच माणूस असतो. घटना एक, सांगणारे दोन. कर्णिकची साक्ष आधी ठेवली आहे ती मुद्दाम.

रिकामटेकडा_रसिक
विंगेतून, युक्तिवाद देखणा आहे. पण थिएटरात काय होतं? स्वगत झालं की टाळ्या. रडून मोकळा झालेला प्रेक्षक स्वतःला बेणारेच्या बाजूचा समजून घरी जातो. अर्ध्या तासापूर्वी हाच माणूस सुखात्म्यांच्या कोट्यांवर खदखदून हसत होता, ते सोयीस्कर विसरतो.

मेकअपरूम
मी हे स्वगत केलंय, एकपात्री स्पर्धेत. तिथे दर वर्षी दोन-तीन बेणारे असतातच आणि बहुतेक जणी पहिल्या ओळीपासून गळा काढतात (मीही काढला होता, बक्षीस मिळालं). परीक्षकही तेवढंच बघतात. सुटं काढलं की ते रडगाणं होतं, हे मान्य.

पण संहितेत ती सुरुवात कशी करते? हात ताणून आळस झटकते, झोपेतून उठल्यासारखी. रडत नाही. पुढे थट्टा आहे, तत्त्वज्ञानाची पोपटपंची आहे, भाषण दिल्यासारखा आव आहे. मधूनच शाळेतली पोरं येतात, आणि तिथे ती खरी हळवी होते. आणि शरीराबद्दलचा तो भाग! या शरीरानेच घात केला म्हणून त्याचा तिरस्कार, आणि पुढच्याच दमात ते हवंय, कारण आत वाढणाऱ्या जिवाला ते लागणार आहे. ही विसंगती गप्प राहून कशी दाखवणार? गप्प बाई नुसती बिचारी दिसते. बिचारी बाई प्रेक्षकांना फार आवडते हो.

पोंक्षेचा_पाइप
तुम्ही सगळे बेणारेतच अडकलात. नाटक बाकीच्यांबद्दल आहे. मंडळीतला पोंक्षे इंटर नापास. सुखात्म्यांकडे अशील फिरकत नाही. काशीकर दांपत्याला मूल नाही, म्हणून बाळू रोकडेला पोसून धाकात ठेवलंय. हे आपल्याला कोण सांगतं? पहिल्या अंकात बेणारेच, सामंतपाशी, खिदळत, एकेकाची पिसं काढत. म्हणजे पहिला खटला तिनेच चालवलाय आणि दुसऱ्या खटल्यात त्याची वसुली होते. ज्यांना बाहेर कुणी विचारत नाही त्यांच्या हातात एका दुपारपुरता अधिकार आला की काय होतं, हा विषय आहे. स्वगत ठेवा नाहीतर काढा, त्याला धक्का लागत नाही.

सामंतची साक्ष आठवा. त्या भाबड्या माणसाला काही ठाऊक नाही, म्हणून तो हातातल्या स्वस्त कादंबरीतले संवाद साक्ष म्हणून ठोकून देतो. आणि तेच नेमके लागू पडतात! साऱ्या नाटकात तेवढी एकच जागा मला भीतीदायक वाटते.

जाता जाता: स्विस लेखक ड्युरेनमॅटच्या १९५६ च्या कथेवरून उचलल्याचा आरोप या नाटकावर झाला होता. तिथे निवृत्त न्यायाधीश आणि वकील घरी आलेल्या फिरत्या विक्रेत्यावर खेळातला खटला चालवतात. पण तो विक्रेता आपला गुन्हा ऐकून खूश होतो, आपणही कुणीतरी आहोत असं त्याला पहिल्यांदा वाटतं. इथे उलटं आहे. खटला चालवणाऱ्यांनाच आपण कुणीतरी आहोत असं वाटतंय.

तिसरी_घंटा
पाइपवाले, तुमचा मुद्दा माझ्याच पथ्यावर पडतो. विषय जर जमावाचा असेल, तर आरोपीच्या बाजूचा एवढा मोठा खुलासा हवाच कशाला?

विंगेतून, सूचना मी वाचल्या आहेत. पण गोठलेलं कोर्ट ही पळवाट आहे. तिला बोलूही द्यायचं आणि बोलली नाही असंही म्हणायचं. खरा घाव निकालात आहे. खटला भ्रूणहत्येचा आणि शिक्षा काय, तर पोटातला गर्भ नष्ट करा! ज्या गुन्ह्यासाठी तिला उभं केलं तोच गुन्हा कोर्ट तिला करायला सांगतंय. आणि हे १९६७ साली. गर्भपाताला मर्यादित का होईना परवानगी देणारा कायदा आला १९७१ मध्ये. एवढा उपरोध हाताशी असताना त्याच्या तोंडावर भावनेचा पूर कशाला सोडायचा? माझी सूचना: काशीकरांनी घड्याळ धरावं, दहा सेकंद खरोखरची शांतता, मग 'वेळ संपली', आणि निकाल.

मेकअपरूम
त्या निकालावर ती किंचाळते. गर्भासाठी. ती का किंचाळते हे प्रेक्षकाला स्वगतातून कळलेलं असतं. तुमच्या प्रयोगात ती फक्त घाबरलेली दिसेल.

विंगेतून
तुमच्या प्रयोगात प्रेक्षकाला कोर्टाइतकीच माहिती राहील, म्हणजे तो आपसूक पोंक्षे-कर्णिकांच्या बाकावर जाऊन बसेल. वेगळं नाटक होईल, कदाचित जास्त क्रूर. मी बघायला येईन.

फक्त एक व्यवहाराची गोष्ट. भर तिसऱ्या अंकात दहा सेकंद कुणी काही बोललं नाही, तर प्रेक्षकांना वाटेल नटी वाक्य विसरली. प्रॉम्प्टरला आधीच दम देऊन ठेवा.